दमा आणि लठ्ठपणा: घरच्या तीन पिढ्यांचा तक्ता कसा काढावा आणि कसा वाचावा

‘आमच्यात दमा आहे’ आणि ‘आमचा बांधाच असा’ ही दोन वाक्ये बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातल्या पुष्कळ घरांत एकाच बैठकीत ऐकू येतात. दोन्हींचा रोख सारखाच असतो, की हे रक्तातून आले आहे आणि त्याला इलाज नाही. त्यातला पहिला भाग बऱ्याच अंशी खरा आहे; दुसरा खरा नाही. दमा आणि लठ्ठपणा ही दोन्ही दुखणी घराण्यातून उतरतात आणि त्यांच्यामागची काही जनुके सामाईक आहेत. परंतु आपल्या घरात ती दोन्ही एकमेकांच्या सोबतीने आली, की एकामागून दुसरे आले, हे जाणून घ्यायचे असेल तर तीन पिढ्यांचा एक तक्ता काढावा लागतो. त्याला कागद, पेन्सिल आणि दोन-तीन दुपारी एवढेच भांडवल पुरते. मी आयुष्यभर माध्यमिक शाळेत जीवशास्त्र शिकवले. मी डॉक्टर नाही आणि हा तक्ता निदान करत नाही. डॉक्टरांच्या टेबलावर पाच मिनिटांत सांगता येत नाही ते सांगण्याची सोय म्हणून तो काढावा.

आधी थोडे जीवशास्त्र

पेशीतल्या गुणसूत्रांच्या २३ जोड्या आणि प्रत्येक जोडीतले एक आईकडचे, एक वडिलांकडचे, हे शाळेत सर्वांनी पाठ केलेले असते. त्यावरून मनात बसलेली समजूत मात्र अशी, की दम्याचे एक जनुक असते आणि ते आले की दमा आला. रंगांधळेपणा किंवा सिकल सेल काहीसे अशा रीतीने उतरतात. दमा आणि लठ्ठपणा शेकडो जनुकांमधल्या बारीक फरकांच्या बेरजेतून घडतात. कणकुंबीला उगम पावलेली मलप्रभा खानापूरला पोहोचते तोवर तिला किती ओढे येऊन मिळालेले असतात. पुराचे पाणी कोणत्या ओढ्याचे, हे पुलावर उभे राहून सांगता येत नाही. काही ओढे मात्र मोठे आहेत आणि त्यांची नावे माहीत असलेली बरी.

वजनाच्या बाबतीत सर्वांत गाजलेले जनुक म्हणजे १६व्या गुणसूत्रावरचे एफटीओ. त्याचा वजनाशी असलेला संबंध २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. युरोपीय वंशाच्या प्रौढांच्या त्या अभ्यासात, या जनुकाची वजन वाढवणारी, म्हणजे जोखमीची प्रत आई आणि वडील दोघांकडूनही मिळालेल्यांचे वजन, एकही प्रत न मिळालेल्यांपेक्षा सरासरीने सुमारे ३ किलो जास्त भरले. तीन किलो म्हणजे आमच्याकडची एक लग्नसराई आणि एक लक्ष्मी यात्रा; एवढाच या सर्वांत मोठ्या ओढ्याचा वाटा. त्याच २००७ साली दम्याच्या बाजूने १७व्या गुणसूत्रावरचा एक टापू सापडला. ओआरएमडीएल३ नावाचे जनुक तिथे आहे. पुढच्या अभ्यासांतून असे दिसले, की हा टापू मुख्यतः लहानपणी सुरू होणाऱ्या दम्याशी बांधलेला आहे. दम्याच्या सुरुवातीचे वय किती, हा प्रश्न पुढे तक्त्यात वारंवार येणार आहे. त्याचे एक मूळ या शोधात आहे.

आता सामाईक भागाकडे. २००५ मध्ये अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याच्या जुळ्यांच्या नोंदवहीवरून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एकसारख्या जुळ्यांची जनुके पूर्ण सारखी, तर साध्या जुळ्यांची सरासरीने निम्मी सारखी असतात; या फरकाचा उपयोग करून कोणत्या दुखण्यात आनुवंशिकतेचा वाटा किती हे काढता येते. तिथे असे निघाले, की लठ्ठपणामागे जो आनुवंशिक भाग आहे त्यातला सुमारे ८ टक्के भाग दम्याशी सामाईक आहे. आठ टक्के हा आकडा मला महत्त्वाचा वाटतो, कारण तो दोन्हीकडच्या अतिशयोक्तीला आवर घालतो. सामाईक मुळे आहेत हे त्यातून सिद्ध होते, आणि ‘जाड माणसाला दमा होणारच’ हे खोटे ठरते.

सामाईक भागात काय असावे याची दोन उदाहरणे पुरेत. ५व्या गुणसूत्रावर एडीआरबी२ नावाचे जनुक आहे. ते पेशीच्या पृष्ठभागावरचा एक ग्राहक बनवते, म्हणजे एक कुलूप म्हणा. श्वासनलिकेच्या स्नायूवर हे कुलूप असते; दम्याच्या निळ्या पंपातले साल्ब्युटामॉल हे औषध ही त्याची किल्ली, आणि ती फिरली की नळी सैल होते. तेच कुलूप चरबीच्या पेशीवरही असते आणि तिथे ते उघडले की साठवलेली चरबी विरघळून रक्तात येते. एकाच जनुकातला फरक दोन ठिकाणी कसा डोकावू शकतो हे समजण्यासाठी यापेक्षा सोपे उदाहरण मला सापडलेले नाही, जरी या जनुकातल्या फरकांचे प्रत्यक्ष परिणाम निरनिराळ्या अभ्यासांत निरनिराळे आले आहेत. दुसरे उदाहरण १६व्या गुणसूत्रावरचे. तिथला डीएनएच्या सुमारे साडेचार लाख अक्षरांचा एक तुकडा काही माणसांत उलटा बसलेला असतो, जसे वहीचे एक पान शिवताना उलटे शिवले जावे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार हा तुकडा उलटा असणाऱ्यांना दमा आणि लठ्ठपणा दोन्ही एकत्र होण्याचा धोका कमी असतो. त्या तुकड्यात रोगप्रतिकाराशी संबंधित एक आणि भुकेच्या नियमनाशी संबंधित एक अशी जनुके शेजारी-शेजारी बसलेली आहेत. उलटे शिवलेले पान फायद्याचे ठरावे, याची मला अजूनही गंमत वाटते.

यापुढचा प्रश्न असा, की आधी काय आणि नंतर काय. धाप लागते म्हणून माणूस हालचाल टाळतो आणि वजन वाढते, की वजन वाढते म्हणून धाप लागते? माणसांना विचारून याचा निकाल लागत नाही. जनुकांवरून मात्र एक युक्ती करता येते. जनुके गर्भधारणेच्या क्षणी ठरतात; नंतरच्या गोळ्या, आळस किंवा आहार त्यांना बदलू शकत नाहीत. म्हणून ज्या मुलांना केवळ योगायोगाने वजन वाढवणाऱ्या प्रती जास्त मिळाल्या, त्यांच्यात दमाही जास्त आढळला, तर वजनाने दमा होण्याला हातभार लावला असे म्हणता येते. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल परिसरातील मुलांवर असा अभ्यास झाला, २०१४ मध्ये तो प्रसिद्ध झाला, आणि साडेसात वर्षांच्या वयात नेमके तेच दिसले. उलट दिशेचा, म्हणजे दम्याची जनुके वजन वाढवतात याचा पुरावा असाच शोधल्यावर क्षीण निघाला. ब्रिटनमधील सुमारे ५ लाख लोकांच्या जैविक नोंदसंग्रहावरच्या कामातून आणखी एक गोष्ट पुढे आली. वजनाच्या जनुकांचे नाते मोठेपणी सुरू होणाऱ्या, ॲलर्जी नसलेल्या दम्याशी जुळते. ॲलर्जीच्या दम्याशी ते तसे जुळत नाही.

म्हणून तक्त्यात ‘कोणाला आहे’ एवढे लिहून भागत नाही. ‘केव्हा सुरू झाले आणि त्याआधी अंग कसे होते’ हे लिहिले तरच तक्ता बोलतो.

कागदावर काढणे

जुन्या कॅलेंडरच्या पानाची कोरी बाजू या कामाला उत्तम, कारण वहीच्या पानावर तीन पिढ्या मावत नाहीत. कागद आडवा धरावा आणि पेन्सिलच वापरावी. पहिल्या दिवशी लिहिलेले निम्मे दुसऱ्या दिवशी खोडावे लागते. पुरुषासाठी चौकोन, स्त्रीसाठी वर्तुळ, पति-पत्नीमध्ये आडवी रेघ, तिच्यातून खाली उतरणारी रेघ मुलांसाठी, आणि मुले थोरल्यापासून धाकट्यापर्यंत डावीकडून उजवीकडे, अशी जगभर चालणारी पद्धत आहे. दिवंगत व्यक्तीच्या खुणेवरून तिरकी रेघ मारतात. ज्या व्यक्तीसाठी तक्ता काढत आहोत तिच्याकडे बाण दाखवतात.

प्रत्येक खुणेचे उभे दोन भाग करावेत. दमा असेल तर डावा भाग भरावा, लठ्ठपणा असेल तर उजवा. खुणेखाली तीन गोष्टी लिहाव्यात: जन्माचे साल, दम्याची सुरुवात कितव्या वर्षी झाली, आणि वजन साधारण कितव्या वर्षापासून वाढले. शंका असेल तिथे प्रश्नचिन्ह टाकावे. प्रश्नचिन्हांनी भरलेला तक्ता खोट्या खात्रीच्या तक्त्यापेक्षा जास्त उपयोगी पडतो.

आमच्याकडे एक चूक हमखास होते आणि ती टाळावी. घरचा वंशवृक्ष म्हटला की आडनावाची माणसे भराभर लिहिली जातात आणि आईचे माहेर कोरे राहते. मुलाला निम्मी जनुके आईकडून येतात, त्यामुळे चंदगड, आजरा किंवा गडहिंग्लजच्या मामाकडचा भाग न लिहिलेला तक्ता अर्धाच तक्ता होय. सीमा जिल्ह्यांच्या नकाशावर असेल. सोयरिकींना ती ठाऊक नाही. मामाला, मावशीला फोन करावा आणि त्यांच्या आई-वडिलांपर्यंत जावे.

मामाच्या मुलीशी लग्न झालेले असेल तर पति-पत्नीमधली रेघ दुहेरी काढतात. दमा आणि नेहमीचा लठ्ठपणा यांच्या हिशेबात तिने फार फरक पडत नाही, कारण तिथे बेरीज अनेक जनुकांची असते. परंतु एकाच जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडल्याने होणारा दुर्मीळ लठ्ठपणा अशा नात्यात दिसू शकतो. चरबीच्या पेशींमधून निघून मेंदूला ‘पुरे’ असे सांगणारे लेप्टिन हे संप्रेरक १९९४ मध्ये सापडले. ते जन्मतःच न बनणारी माणसे १९९७ मध्ये प्रथम नोंदली गेली, आणि ती नात्यातल्या लग्नाच्या घराण्यातली दोन चुलत-मावस भावंडे होती. मूल पाच वर्षांच्या आतच बेसुमार जाड होत असेल आणि त्याची भूक भागतच नसेल, तर तक्ता काढत बसू नये. बालरोगतज्ज्ञांकडून थेट आनुवंशिकी विभागाची चिठ्ठी घ्यावी.

विचारावे कसे

‘तुम्हाला दमा होता का?’ हा प्रश्न कधीही विचारू नये. मी माझ्या आत्याला तो विचारला तेव्हा ती दुखावली. ‘दमा कुठला रे मला, पावसाळ्यात छाती तेवढी भरायची,’ असे म्हणून तिने विषय संपवला. मी तिच्या वर्तुळाचा डावा भाग कोरा ठेवला. आठवड्याने तिच्या सुनेने सहज सांगितले, की आषाढ-श्रावणात आत्या आडवी होऊन झोपतच नसे. भिंतीला उशी लावून बसून रात्र काढायची आणि पहाटे तीनच्या सुमारास खोकला सुरू झाला की गवती चहा उकळून घ्यायची. असे ती चाळीस वर्षे करत आली होती. दमा या शब्दात आपल्याकडे लग्न मोडण्याइतकी बदनामी साठलेली आहे, आणि जुनी माणसे तो शब्द आपल्यासाठी वापरत नाहीत.

म्हणून शब्द सोडून प्रसंग विचारावेत. रात्री खोकल्याने उठून बसावे लागायचे का, श्वासात शिट्टीसारखा आवाज यायचा का, सर्दी झाली की ती छातीत उतरायची का, लहानपणी कोणी ‘बाळदमा’ म्हटले होते का, दवाखान्यात वाफ द्यायचे का, पंप कधी वापरला का. त्याबरोबर शिंका, नाकातून पाणी आणि कोपराच्या-गुडघ्याच्या घडीतली खाज यांबद्दलही विचारावे, कारण त्यावरून दमा ॲलर्जीच्या जातीचा आहे की नाही याचा अंदाज येतो. नात्यातली कोणी सून कन्नडमधून शिकलेली असेल तर तिला ‘उब्बस’ म्हटल्यावर लगेच कळते; लठ्ठपणाला त्यांच्याकडे ‘बोज्जु’ म्हणतात. दवाखान्याचे जुने कागद बहुधा इंग्रजीत आणि सरकारी कार्डे कन्नडमध्ये असतात, तेव्हा घरात दोन्ही वाचणारे एक तरुण माणूस शेजारी बसवावे.

वय विचारल्यावर उत्तर मिळत नाही. प्रसंगाला टेकू दिला की मिळते. लग्नाच्या आधी की नंतर, कितव्या बाळंतपणानंतर, बेळगावचे बेळगावी झाले त्या २०१४ च्या सुमारास की २०१९ च्या महापुरानंतर, असे विचारावे. अंगाबद्दल विचारताना फोटो काढून ठेवावेत. एखाद्या आजीचा स्वतःच्या लग्नातला फोटो आणि मुलाच्या लग्नातला फोटो शेजारी ठेवला, की वजन केव्हा वाढले याची जी माहिती मिळते ती कोणत्याही प्रश्नाने मिळत नाही. आणि हे सारे विचारायला उत्तम वेळ म्हणजे गावची यात्रा किंवा गणपती, जेव्हा माहेरवाशिणी घरी असतात. मात्र जेवणाची पंगत उठल्यावर विचारावे, वाढताना नव्हे.

मापे घेताना

हयात माणसांची उंची, वजन आणि कंबर मोजून लिहावी. किलोमधले वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग, हा बीएमआय सर्वांना माहीत झाला आहे. पण भारतीयांसाठीच्या मर्यादा वेगळ्या आहेत हे माहीत नसते. जगात २५ पासून वजन जास्त धरतात आणि ३० पासून लठ्ठपणा; आपल्यासाठी वर्षानुवर्षे २३ आणि २५ या मर्यादा वापरल्या गेल्या आहेत. माझ्या आक्काची उंची १.५२ मीटर आणि वजन ६४ किलो. उंचीचा वर्ग २.३१, भागाकार २७.७. शेजारीपाजारी तिला कोणी जाड म्हणत नाही, ‘अंगाने बरी आहे’ म्हणतात. तक्त्यात मात्र तिच्या वर्तुळाचा उजवा भाग भरावा लागला.

मर्यादा वेगळ्या का, याचे उत्तर पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी जगाला एका छायाचित्रातून दाखवले. २००४ मध्ये त्यांनी आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी आपला स्वतःचा शेजारी-शेजारी उभे असलेला फोटो प्रसिद्ध केला. दोघांचाही बीएमआय २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. आपण काट्यावर सडसडीत दिसतो आणि आतून तसे नसतो. म्हणून कंबर मोजणे अधिक प्रामाणिक ठरते. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या मधोमध, श्वास सहज सोडून, टेप आडवी ठेवून मोजावे. पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या वर गेले की नोंद करावी. परकराच्या नाडीच्या जागेवर मोजल्यास माप चुकते, आणि बहुतेक जणी तिथेच टेप लावतात.

तक्ता वाचणे

आमच्या घरच्या तक्त्यात दोन पूर्ण भरलेल्या खुणा आहेत, म्हणजे दोघांनाही दोन्ही दुखणी. एक माझा पुतण्या, दुसरी आक्का. बरीच वर्षे आम्ही ‘आजीचा दमा दोघांनी उचलला’ असेच म्हणत होतो, आणि मीही म्हणत होतो, ही कबुली जीवशास्त्राच्या शिक्षकाने द्यायला हवी. खुणांखालची वये लिहिल्यावर चित्र फाटले.

पुतण्याचा दमा चौथ्या वर्षी सुरू झाला, तेव्हा तो काडीसारखा होता. त्याला शिंका येतात, त्याच्या आईला आणि मामाला शिंका येतात, रक्ताच्या तपासणीत त्याच्या इओसिनोफिल या ॲलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी वाढलेल्या असतात. त्याचे वजन वाढले ते चौदाव्या वर्षानंतर, खेळ सुटल्यावर. म्हणजे हा ॲलर्जीचा, लहानपणीचा दमा आणि त्यावर मागाहून बसलेले वजन. आक्काचा प्रकार उलटा. तिचे वजन चाळिशीत वाढले, पाळी जाण्याच्या सुमारास आणखी वाढले, आणि सेहेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा धाप लागली. शिंका नाहीत, खाज नाही, इओसिनोफिल साधारण. तिच्या ओळीत वर पाहिले तर आईकडच्या दोन मावश्यांचे उजवे भाग भरलेले आणि डावे भाग पन्नाशीनंतर भरलेले. तिथे उतरला तो वजनाचा कल; दमा त्याच्या पाठीवर बसून आला.

असा दमा होतो कसा, हेही समजून घ्यावे. पोटाची आणि छातीची चरबी फुप्फुसाला वरून-खालून दाबते, त्यामुळे माणूस सहज श्वास सोडतो तेव्हा फुप्फुसात उरणारी हवा कमी होते. कमी हवेवर चालणाऱ्या फुप्फुसात बारीक नळ्या मिटू लागतात आणि त्यांच्याभोवतीच्या स्नायूला रोजचा ताण मिळत नाही, तो आखडतो. त्याबरोबर चरबीच्या पेशी नुसत्या साठ्याच्या पेशी नाहीत. त्या लेप्टिन जास्त सोडतात, सूज शमवणारे ॲडिपोनेक्टिन कमी सोडतात, आणि अंगभर एक मंद सूज चालू राहते. ही सूज ॲलर्जीच्या सुजेहून वेगळी असल्यामुळे अशा रुग्णांना स्टेरॉइडचा पंप तुलनेने कमी लागू पडतो. आक्काला तीन वेळा पंप वाढवून दिला गेला आणि तिचा त्यावरचा विश्वासच उडाला होता. वये लिहिलेला कागद पाहिल्यावर तिच्या डॉक्टरांनी पंपाबरोबर वजनाचे वेळापत्रक लावून दिले.

तक्ता वाचताना दुसरा धोका असा, की जे घरात पिढ्यानपिढ्या चालते ते सारे जनुकच असे वाटू लागते. चूलही पिढ्यानपिढ्या चालते. खानापूरच्या पावसात ओली लाकडे जाळणारे स्वयंपाकघर, निपाणीकडची तंबाखूची धूळ आणि विड्यांचे काम, उसाचे पाचट पेटवल्यावर गावभर पसरणारा धूर, विटांच्या भट्ट्या, ओतशाळांमधली वाळू, हे सगळे एका घरातल्या सर्वांच्या छातीत सारखेच जाते. म्हणून प्रत्येक खुणेशेजारी त्या माणसाने कुठे आणि कशात काम केले हे दोन शब्दांत लिहावे. सून म्हणून आलेल्या बाईचा दमा या घरात आल्यावर सुरू झाला आणि तिच्या माहेरी कोणालाच नसेल, तर आधी चुलीकडे पाहावे. याचप्रमाणे भाताचे प्रमाण, चहातली साखर आणि सणाचा कुंदा हेही वारशानेच येतात.

तिसरी गोष्ट गोळ्यांची. जुन्या दम्याला वर्षानुवर्षे स्टेरॉइडच्या गोळ्या घेतलेल्या माणसाचे वजन त्या गोळ्यांनी वाढलेले असू शकते. त्या भूक वाढवतात आणि चरबी पोटावर, चेहऱ्यावर आणतात. पंपातून जाणारी मात्रा फार लहान असल्याने तिच्याबद्दल ही भीती बाळगण्याचे कारण नाही. ‘दम्यावर रामबाण’ म्हणून मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्या कोणी घेत असेल तर तेही लिहावे, कारण अशा पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेले आढळल्याची उदाहरणे आहेत. अशा माणसाने पुडी एकाएकी बंदही करू नये. डॉक्टरांना दाखवून करावी.

जनुकांच्या चाचणीबद्दल

एका खासगी प्रयोगशाळेने माझ्या मेहुण्याकडून चांगली रक्कम घेऊन थुंकीवरून ‘दमा आणि वजन’ यांची चाचणी केली आणि रंगीत कागदावर ‘एफटीओ: मध्यम जोखीम’ असे छापून दिले. त्या कागदावरून काय करायचे, हे तिथे कोणी सांगू शकले नाही, आणि त्याच्या डॉक्टरांनीही तो बाजूला ठेवला. नेहमीच्या दम्याच्या किंवा लठ्ठपणाच्या उपचारासाठी अशी चाचणी आज करून घेण्याचे कारण नाही. शिवाय या जनुकांचे आकडे मुख्यतः युरोपीय लोकांवरून आलेले आहेत. आपल्याकडे तेच जनुक थोडे वेगळे वागते. २००९ मध्ये पुण्याच्या संशोधकांसह झालेल्या अभ्यासात भारतीयांमधला एफटीओ आणि मधुमेह यांचा संबंध केवळ वजनाने स्पष्ट होत नव्हता. मेहुण्याच्या रकमेत घरातल्या सर्वांसाठी टेप, वजनकाटा आणि श्वासाचा जोर मोजणारे पीक फ्लो मीटर येऊन वर पैसे उरले असते.

दवाखान्यात नेताना

मूळ कागद घरी ठेवावा आणि त्याची स्वच्छ नक्कल न्यावी. वर बाण दाखवलेल्या माणसाचे नाव, खाली चार ओळी: दमा केव्हा सुरू झाला, वजन केव्हा वाढले, घरात ॲलर्जी कोणाला, सध्या कोणता पंप आणि दिवसातून किती वेळा. या चार ओळी इंग्रजीत लिहिल्यास बेळगावात कोणत्याही डॉक्टरांना चालतात. निळा पंप आठवड्यातून किती वेळा ओढावा लागतो हे खरे सांगावे. दम्याच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी २०१९ पासून केवळ निळ्या पंपावर राहण्याचा सल्ला मागे घेतला आहे आणि सूज कमी करणारे औषध सोबत हवेच असे म्हटले आहे. पंप बरोबर न्यावा आणि ओढून दाखवावा. श्वास पूर्ण सोडून, दाबतानाच सावकाश आत घेऊन, दहा अंक मोजेपर्यंत रोखून, नंतर चूळ भरायची, ही कृती आक्का सहा वर्षे उलटी करत होती. ती आधी श्वास घ्यायची आणि मग दाबायची.

वजनाबद्दल डॉक्टरांशी बोलताना आकडा ठरवून घ्यावा. वजनाच्या ५ ते १० टक्के कमी झाले तरी दम्यात सुधारणा दिसते. आक्काच्या ६४ किलोंमध्ये ते सव्वातीन ते साडेसहा किलो होतात, म्हणजे एफटीओच्या दोन प्रतींनी दिलेले ओझे एवढ्यात उतरू शकते. तिने पहिले सहा महिने संध्याकाळचा भात अर्धा केला आणि सकाळी किल्ल्याच्या खंदकाभोवती फिरणे धरले. चालण्याआधी पंप कसा घ्यायचा हे तिने विचारून घेतले होते, त्यामुळे धाप लागेल या भीतीने घरी बसण्याचे निमित्त उरले नाही. उतरलेले वजन तिच्या वर्तुळाखाली तारखेसह लिहिलेले आहे.

तक्ता दर दोन वर्षांनी काढून पाहावा. गेल्या यात्रेत आमच्या तक्त्याच्या तळाशी एक नवे वर्तुळ आले, पुतण्याची मुलगी. तिचे दोन्ही भाग कोरे आहेत. खाली जन्माचे वजन लिहिले आहे, आणि तिच्या आईच्या माहेरचे चार चौकोन अजून भरायचे राहिले आहेत.